एका ढालीच्या दोन ढाली

सुज्ञ वाचकहो, पुढील पानांत जी हकीकत मी सादर करणार आहे, तिच्यात राजा आहे, बंदर आहे, नाव आहे आणि एक लोखंडी ढालही आहे. परंतु ही हकीकत त्यांची नव्हे. ती पुस्तकबांधणी करणाऱ्या एका गृहस्थाची आणि त्याच्या आईची आहे. त्या गृहस्थाने आईच्या मायेपोटी एक लबाडी केली आणि त्या लबाडीपायी आईवर आपली राहती खोली सोडण्याची पाळी कशी आली, हे मी यथामती व क्रमवार निवेदन करणार आहे. वाचकांनी ते सावकाश वाचावे, एवढीच विनंती.

त्या गृहस्थाला सारी गल्ली बाईंडर म्हणूनच ओळखत असे. तळमजल्यावरील त्याच्या दुकानात पाऊल टाकताच खळीचा वास नाकात भरे. पुस्तके दाबण्याचा लोखंडी शिकंजा, दाभण, मेण लावलेला दोरा, आणि कोपऱ्यात शिलाई उसवलेल्या ग्रंथांचा ढीग, असा त्याचा पसारा होता. त्याची ख्याती एका विशिष्ट कामासाठी होती. जुन्या पुस्तकाचे पुठ्ठे मोडले की इतर कारागीर ते फेकून देऊन नवे चढवीत. बाईंडर मात्र जुन्या पुठ्ठ्यावरचा छापील कागद वाफेवर सैल करी, अलगद सोलून काढी आणि नव्या पुठ्ठ्यावर असा बसवी की प्रत्यक्ष मालकालाही खूण सापडू नये. "माणूस पुस्तक ओळखतो तोंडावरून," तो म्हणे. "तोंड तेच ठेवा, मग पोटात काही का असेना." हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे तेच त्याच्या अंगाशी आले.

त्याची आई दोन गल्ल्या पलीकडे, पहिल्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत एकटीच राहत असे. मुलाने आणि सुनेने तिला आपल्याकडे येण्याबद्दल पुष्कळ आग्रह केला होता. "येईन की जेवायला," ती म्हणे, "पण मला आतून लावायला माझी स्वतःची कडी लागते." त्या खोलीत तिने नवऱ्याची वाट पाहण्यात अर्धे आयुष्य काढले होते. बाईंडरचे वडील जहाजावर नोकरीला होते. एका फेरीत, मुले लहान असताना, त्यांनी दूरच्या एका बंदरातून दूरचित्रवाणीला जोडून खेळायचे एक यंत्र आणि त्यात घालायची एकच कॅसेट आणली. ती आणली मुलांसाठी. परंतु मुले शाळेत गेली की दुपार रिकामी पडे, आणि त्या रिकाम्या दुपारी आईनेच तो खेळ हाती घेतला.

तो खेळ घाईचा नव्हता. त्यात एक तरुण शिलेदार गावोगाव हिंडतो, साथीदार जमवतो, शस्त्रे विकत घेतो आणि लढून लढून हळूहळू बळकट होतो. असे करता करता महिने लोटतात. पडद्यावरची परभाषेतील वाक्ये आईला जेमतेम लागत, म्हणून तिने सगळ्यांना आपल्या मनाने नावे दिली होती. शिलेदार म्हणजे आपला पोरगा. पांढऱ्या दाढीचा जादूगार म्हणजे मास्तर. दर गावात अडवून उपदेश करणारा जाडा राजा म्हणजे सासरेबुवा. वडील जहाजावर देवाघरी गेले, मुलांची लग्ने झाली, तरी दुपारच्या चहानंतर तो खेळ चालूच राहिला. किती वेळा संपवून पुन्हा पहिल्यापासून मांडला, याची तिलाही गणती नव्हती.

आणि त्या खेळात तिच्याजवळ एक युक्ती होती. बंदराच्या गावात लोखंडी ढाल विकत घ्यायची आणि पिशवीत सर्वांत तळाशी ठेवायची. मग नावेत चढायचे, आणि नावाड्याचे बोलणे संपायच्या आत पिशवी उघडून ढाल वर आणायची व लगेच उतरायचे. उतरल्यावर पाहावे तर पिशवीत ढाली दोन. एक घालायची, एक विकायची, की पुन्हा नावेत. ही युक्ती तिला कोणी सांगितली नव्हती. एकदा चुकून बोट पडले आणि सापडली. त्या काळी गल्लीतली सगळी मुले ती पाहायला दाराशी गोळा होत, आणि तेव्हापासून तिचे नाव पडले ते ढालवाली मावशी. आज त्या मुलांना टक्कल पडले, तरी रस्त्यात भेटली की विचारतात, "काय मावशी, कारखाना चालू आहे ना?"

आता मूळ घटनेकडे वळतो. ते यंत्र ज्या देशातून आले, तेथील घरांत येणारी वीज आपल्याहून निम्म्या जोराची. म्हणून यंत्र आणि भिंतीतील सॉकेट यांच्यामध्ये एक जड लोखंडी डबा जोडावा लागे, जो वीज निम्मी करून पुढे सोडी. चालू असला की तो डबा गरम होई. एके दिवशी आई भाजी आणायला गेलेली असताना बाईंडर तिच्या खोलीतला फळ्यांवरचा पसारा आवरायला बसला. हा अडगळीचा डबा कशाला, असे मनात म्हणून त्याने तो बाजूला केला, यंत्राची वायर थेट भिंतीत खुपसली आणि ते चालते का हे पाहण्यासाठी कळ दाबली. फट् असा आवाज झाला, आणि यंत्राच्या फटींतून धुराची एक बारीक रेघ वर गेली.

बाईंडरने झटकन वायर उपटली. बाबांनी आणलेली म्हणावी अशी वस्तू आईजवळ ती एकच उरली होती. त्याने यंत्र आणि कॅसेट कापडी पिशवीत कोंबली, रिकामी जागा दिसू नये म्हणून तेथे झाकणाचे फडके पसरले, आई जिना चढायच्या आत तो मागल्या बाजूने सटकला, आणि बाजारातल्या जुन्या विद्युत वस्तूंच्या दुकानात जाऊन उभा राहिला.

दुरुस्तीवाल्याने यंत्र उलटेपालटे करून पाहिले. "उघडावं लागेल. काय उडालंय ते बघायला आठवडा तरी लागेल."

"आठवडा नाही चालणार. मला संध्याकाळच्या आत पाहिजे."

"मग हे न्या. दिसायला हुबेहूब. फक्त हे दुसऱ्या देशात विकलेलं आहे, तुमची कॅसेट त्यात चालणार नाही. पण तुमचाच खेळ त्या देशाचासुद्धा आहे माझ्याकडे. आणि याला तो डबा नको, थेट भिंतीत लावा."

"खेळ तोच ना?"

"खेळ तोच हो. नाव बघा की वरचं."

बाईंडरने नाव पाहिले, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. जळलेले यंत्र त्याने दुरुस्तीसाठी तेथेच टाकले आणि तो स्वतःच्या दुकानी आला. तेथे त्याने खळीच्या पातेल्याखालची शेगडी पेटवली, जुन्या कॅसेटवरचे चित्र वाफेवर धरून सोलून काढले, नव्या कॅसेटवर चिकटवले आणि हाडाच्या पट्टीने सारखे केले. उघडीबोडकी झालेली जुनी कॅसेट खणात ठेवली. मग आई शेजारणीकडे गेल्याची संधी साधून त्याने नवे यंत्र जागेवर मांडले, आणि संशय नको म्हणून तो लोखंडी डबाही नुसता शेजारी ठेवून त्याची वायर कपाटामागे सोडून दिली. काम इतके सफाईदार उतरले होते की दार ओढून घेताना त्याला मनोमन थोडा अभिमानच वाटला.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "अरे, माझा मांडलेला खेळ पुसला गेलाय. सगळं कोरं."

"जुनं झालंय ना आई. होतं असं."

"होईना. मला काय, सगळं पाठ आहे. पुन्हा पहिल्यापासून."

येथून पुढे जे घडू लागले, त्याने बाईंडरची मती गुंग झाली.

पहिल्या आठवड्यात आई जेवायला आली असताना म्हणाली, "यातली माणसं हल्ली पाय ओढत चालतात रे. गाणंसुद्धा रडल्यासारखं लागतंय."

"तुला झोप येत असेल, आई."

"भर दुपारी?"

नंतर एकदा ती म्हणाली की दुसऱ्या गावातला दारूचा गुत्ता नाहीसा झाला आहे. त्या जागी सरबताचे दुकान आहे. तेच दोन पिणारे, तेच टेबल, परंतु आता ते सरबत पितात आणि तरीही झिंगल्यासारखे डुलतात. बाईंडरची बायको हसली. "सुधारले असतील, आई. बायकोने दम दिला असेल." आई हसली नाही. ती म्हणाली, "आणि तो डबा गरम होत नाही. पूर्वी हिवाळ्यात मी त्यावर हात शेकायची." डब्याचे नाव निघताच बाईंडर उठून हात धुवायला गेला.

मग बंदराचे गाव आले. आईने ढाल घेतली, तळाशी ठेवली, नावेत चढली, पिशवी उघडली, ढाल वर आणली, उतरली. पिशवीत ढाल एकच. तिने पुन्हा केले. एकच. सलग चार दुपारी ती हेच करत बसली. पाचव्या दिवशी ती बाईंडरच्या दुकानात आली, स्टुलावर बसली आणि फार हळू आवाजात म्हणाली, "माझी बोटं विसरली असतील का रे? का असं काही कधी नव्हतंच?"

"असं कसं? मी स्वतः पाहिलंय की."

"मग चल आणि करून दाखव."

तो गेला. लहानपणी त्याने ही युक्ती स्वतःच्या हातांनी केली होती, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्याने ढाल तळाशी ठेवली, नावेत चढला, पिशवी उघडली आणि उतरला. ढाल एकच. आई शेजारी बसून त्याच्या अंगठ्यांकडे पाहत होती.

"आणि धक्क्यावर कुत्रा भुंकायचा," ती म्हणाली. "नाव लागली की भुंकायचा. तोही नाही."

"हो," बाईंडर चपापून म्हणाला. "भुंकायचा खरा. मलाही आठवतंय."

त्या दिवशी त्याने एका ग्रंथाची पाने उलटी शिवली. वाचकांना येथे नवल वाटेल की याला अजूनही कसे उमगले नाही. परंतु त्याच्या धंद्याची शिकवण लक्षात घ्या. त्याच्या लेखी पुस्तकाची नवी प्रत म्हणजे तोच मजकूर. प्रत बदलली म्हणून आतला राजा सरबत प्यायला लागत नाही. दुरुस्तीवाला 'खेळ तोच' म्हणाला होता आणि कॅसेटवर बाईंडरनेच चिकटवलेले जुने चित्र होते. शिवाय ती लबाडी त्याने मनाच्या इतक्या आत दडपली होती की तिकडे वळायचीच त्याला भीती वाटे. त्यामुळे त्याच्यापुढे दोनच मार्ग उरले. एक तर आईची स्मृती ढळत चालली आहे, नाहीतर आईची आणि आपली, दोघांचीही.

"अगं," त्याने बायकोला विचारले, "हे आनुवंशिक असतं का?"

"काय?"

"विसरणं."

"तुमचं तर लग्नाच्या आधीपासून आहे," ती म्हणाली. "मला बघायला आलात आणि छत्री विसरून गेलात. ते जाऊ द्या. आई काल मला विचारत होत्या, गॅस बंद केला का ते दारात उभं राहून बघशील का म्हणून. मी बघितलं, बंद होता. खाली उतरलो तर परत म्हणाल्या, बघून ये. आधी कधी असं करत नव्हत्या."

हे ऐकून मात्र बाईंडरचे धाबे दणाणले.

बाईंडरची मोठी बहीण, जिला तो ताई म्हणे, दुसऱ्या शहरात एका रुग्णालयाच्या कचेरीत नोकरीला होती. शब्दाला पक्की आणि निर्णयाला झटपट असा तिचा स्वभाव. तिने आईला फोन केला, आणि आईने जे होते ते सर्व सांगितले: माणसे हळू चालतात, गुत्ता नाहीसा झाला, डबा थंड असतो, ढालीची युक्ती डोक्यातून गेली, आणि गॅस बंद केल्याचे आता पटत नाही. ताईने पुढचा फोन भावाला केला.

"तू तिथं राहून काय करतोस? तिला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. मी वेळ घेतली आहे."

"अगं, पण खेळातलं विसरली म्हणून..."

"जे रोज करते तेच विसरली, म्हणून तर. आणि हे बघ, एकटीला ठेवायचं नाही आता. मी रविवारी येते, सामान बांधते आणि तिला माझ्याकडे नेते. घरमालकाला सांगून ठेव की खोली महिनाअखेर रिकामी होईल."

"आई काय म्हणाली?"

"तीच म्हणाली, ने म्हणून. म्हणाली, माझा माझ्यावर विश्वास उरला नाही."

जिने कडीसाठी जन्मभर हट्ट धरला, तिने आपणहून कडी सोडली होती. तो घरमालकाकडे जायला निघाला, जिन्यापर्यंत गेला आणि परत फिरला. उद्या सांगू, असे म्हणून त्याने ते काम रविवारपर्यंत लांबवले. का लांबवले, हे त्यालाही सांगता आले नसते.

रविवारी सकाळी ताई आली. तिने पदर खोचला, वर्तमानपत्रांचा गठ्ठा पुढ्यात घेतला आणि भांडी गुंडाळून खोक्यांत भरायला सुरुवात केली. आई खाटेवर हात मांडीवर ठेवून बसून राहिली होती. जणू दुसऱ्याच कोणाची खोली बांधली जात आहे. बाईंडर सुतळी घेऊन उभा होता.

"हे यंत्र न्यायचं का?" ताईने विचारले.

"नको," आई म्हणाली. "त्यातलं आता मला काही ओळखीचं नाही."

ताई यंत्रापुढे जमिनीवर बसली. तिचा आवाज जरा मऊ झाला. "मला तर त्या गुत्त्यातली नाचणारी बाई आठवते. लाल घागऱ्यावाली. तू पुढच्या गावी निघालीस की मी रडायचे, थांब, तिचा नाच संपू दे म्हणून."

आईने मान वर केली. "गुत्ता होता?"

"होता म्हणजे काय. परीक्षेच्या दिवसांत मी या डब्यावर हात शेकत इथंच बसलेली असायचे. तू खेळ चालू ठेवायचीस, माझी बोटं गार पडू नयेत म्हणून." असे म्हणून तिने सवयीने डब्यावर तळवा ठेवला. मग खेळ चालू केला आणि पुन्हा तळवा ठेवून वाट पाहिली. "हा गरम का होत नाहीये?"

"मी महिनाभर तेच सांगतेय," आई म्हणाली.

ताईने डब्याची वायर चिमटीत धरली आणि ती धरून धरून कपाटामागे हात घातला. ओढली, तसा धुळीचा गोळा लपेटलेला प्लग फरशीवरून घासत बाहेर आला. ताईने एकदा त्या प्लगकडे पाहिले, एकदा चालू असलेल्या पडद्याकडे पाहिले.

"हा तर कशातच लावलेला नाही. मग हे चालतंय कशावर?"

दोघींच्याही नजरा हळूहळू बाईंडरकडे वळल्या. त्याच्या हातातली सुतळी बोटाभोवती इतकी आवळली गेली होती की बोट पांढरे पडले होते.

"ते यंत्र हे नाही," तो म्हणाला. "माझ्या हातून जळलं. कॅसेटही ही नाही. चित्र मी चिकटवलं."

आणि मग त्याने सर्व सांगितले, धुराच्या रेघेपासून खळीच्या पातेल्यापर्यंत. सांगताना तो फरशीकडे पाहत होता. ताईने मध्येच विचारले, "दुसऱ्या देशाचं? असं म्हणाला तो दुकानदार?" आणि भावाने मान हलवताच तिने कपाळाला हात लावला. आई मात्र रागावली नाही, रडलीही नाही. ती अगदी क्रमाने विचारू लागली.

"म्हणजे गुत्ता होता?"

"होता, आई."

"माणसं भराभर चालायची?"

"चालायची."

"ढाली दोन व्हायच्या?"

"व्हायच्या. मी पाहिल्यात."

"आणि गॅस?"

याचे उत्तर ताईने दिले. "गॅस तू बंद केलेलाच असतो. वहिनी रोज बघते. रोज बंद असतो."

आईने पदराने चेहरा पुसला. मग बाईंडरकडे पाहून म्हणाली, "महिनाभर मी स्वतःला वेडी समजत होते, आणि तू समोर बसून जेवत होतास."

बाईंडर त्या क्षणी सुतळीपेक्षाही बारीक झाला होता.

ताईने खोकी तशीच टाकली आणि तिघेही बाजारात गेले. दुरुस्तीवाल्याने सर्व ऐकून घेतले आणि कान खाजवला.

"खेळ तोच असतो हो. पण तो आधी एका देशात निघतो आणि मग वर्षा-दीड वर्षाने दुसरीकडे. तिकडे मुलांच्या खेळात दारू चालत नाही, मग गुत्त्याचं सरबताचं दुकान करतात. आणि तिकडची वीज वेगळ्या ठेक्यावर चालते, म्हणून सगळं सावकाश होतं, गाणीसुद्धा."

"आणि माझी युक्ती?" आईने विचारले.

"कोणती, ढालीची? ती युक्ती नव्हे मावशी, ती कंपनीची चूक. दुसऱ्यांदा काढताना बुजवून टाकली."

"चूक का असेना," आई म्हणाली, "सापडली मलाच ना?" मग मुलाकडे वळून म्हणाली, "हे सगळं या भल्या माणसाला माहीत होतं. तू नुसतं विचारायचं होतंस."

"साहेबांनी विचारलं, खेळ तोच ना," दुरुस्तीवाला म्हणाला. "मी म्हटलं, तोच. गिऱ्हाइकाने विचारलं तेवढंच सांगतो मी." बोलता बोलता त्याने फळीवरून वडिलांचे यंत्र खाली घेतले. त्याचे काम केव्हाच झाले होते; आतले फ्यूज तेवढे उडाले होते, बाकी सर्व शाबूत होते. बाईंडर ते विचारायलाही फिरकला नव्हता.

दुपारी पुन्हा सर्व त्या खोलीत जमले. बाईंडरची बायकोही आली. वडिलांचे यंत्र जागेवर बसले, डब्याची वायर भिंतीत गेली, आणि खणातली ती बोडकी कॅसेट आईने स्वतःच्या हाताने आत सरकवली. पडदा उजळला. तिचा जुना मांडलेला खेळ जसाच्या तसा होता. तो शिलेदार पोरगा बंदराच्या गावातच उभा होता, जणू महिनाभर तिचीच वाट पाहत. तिने कळ दाबताच तो तुरुतुरु चालू लागला. आईचा एक पाय गाण्याच्या तालावर हलू लागला.

ढाल घेतली. तळाशी ठेवली. नावेत चढली. नावाडी बोलत असतानाच तिचे अंगठे असे फिरले की कोणाला दिसलेसुद्धा नाही. उतरली. पिशवी उघडली. ढाली दोन.

ताईने डब्यावर तळवा ठेवला होता. तो तिने बराच वेळ काढला नाही. "गरम झालाय," ती म्हणाली. मग उठली, खोक्यातली भांडी एकेक करून वर्तमानपत्रातून सोडवू लागली आणि पाठमोरी राहूनच भावाला म्हणाली, "घरमालकाला मीच सांगते, खोली सोडत नाही म्हणून."

"सांगायला नको," बाईंडर म्हणाला. "मी त्याला अजून काही बोललोच नव्हतो."

"तेवढं एक विसरलास ते बरं केलंस. डॉक्टरांकडे मात्र जायचंच. वेळ घेतलेली आहे."

"जाऊ की," आई म्हणाली. "आता कशाला घाबरू? ढाली दोन होतात म्हणून सांगेन त्यांना." आणि तिने पुन्हा नाव लावली. पण धक्क्याला नाव टेकताच तिच्या कपाळाला आठी पडली. "पण कुत्रा कुठं गेला?"

सर्वांनी पडद्याकडे पाहिले. धक्का रिकामा होता. तिने पुन्हा नाव नेली, पुन्हा आणली. कुत्रा नाही. बाईंडर पडद्याजवळ सरकला. हे यंत्र तर खरे होते, कॅसेट खरी होती. "होता," तो चाचरत म्हणाला. "मलाही पक्का आठवतोय. नाव लागली की भुंकायचा."

ताई हातातले भांडे तसेच धरून वळली. तिचा चेहरा हसू आवरून लाल झाला होता. "तू भुंकायचास."

"मी?"

"कपाटामागे लपून. नाव लागली की तू भुंकायचास. आई दचकल्याचं सोंग करायची आणि म्हणायची, आला बाई कुत्रा. रोज. मला अभ्यास करू द्यायचा नाहीस."

आईने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई, हो की. तोच तो."

बाईंडरने आठवून पाहिले. कपाट आठवले, त्यामागची धूळ आठवली, आणि कुत्र्याचे भुंकणेही स्पष्ट आठवले. परंतु ते आपल्या तोंडून निघत होते, हे काही केल्या आठवेना. तो एकदा आईकडे आणि एकदा ताईकडे पाहू लागला.

"मग ती डॉक्टरांची वेळ," त्याची बायको शांतपणे म्हणाली, "यांच्या नावावर करून घ्या."

आई इतकी हसली की हातातली कळांची पट्टी मांडीवरून घसरता घसरता राहिली. हसू ओसरल्यावर तिने मुलाला जवळ बसवले आणि बोट उगारून बजावले, "यापुढे माझं काही मोडलं, तर मोडलं म्हणून सांगायचं. जुनं तोंड लावून नवं पोट माझ्यापुढे ठेवायचं नाही. ते गिऱ्हाइकाला कर." त्याने मान डोलावली. मग तिने पडद्याकडे वळून पोराला पुन्हा नावेत बसवले. नाव फिरली आणि धक्क्याकडे येऊ लागली. आईचा अंगठा कळेवर थांबला आणि ती मुलाकडे न पाहताच वाट पाहत राहिली.

बाईंडरने घसा खाकरला. बायकोकडे पाहिले, ताईकडे पाहिले. केस पिकलेला तो गृहस्थ उठला, कपाटामागे जितके मावता येईल तितका मावला, आणि नाव धक्क्याला लागताच भुंकला.

"आला बाई कुत्रा," आई म्हणाली.

वाचकहो, हकीकत येथे संपली. आईच्या खोलीला आजही आतून तीच कडी आहे, आणि दुपारच्या चहानंतर ती लागते. माझे शिक्षण बेताचे असल्याने भाषेत काही उणे-अधिक झाले असल्यास ते पदरात घ्यावे. आपण आपला मोलाचा वेळ खर्चून शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
यशवंत सातभाई